उतारावरचा दोन टप्प्यांचा लाकडी डेक: अठरा महिन्यांच्या वापरानंतर

आधी या डेकची, म्हणजे घरामागे खांबांवर उभारलेल्या उघड्या लाकडी मंचाची, मापं, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर आहे. मागच्या अंगणाचा उतार ४ मीटरला १ मीटर. घरालगतचा वरचा टप्पा ४.२ मीटर रुंद आणि ३.६ मीटर खोल (भिंतीपासून बाहेरच्या दिशेने), त्याला लागून खालचा टप्पा तेवढाच रुंद आणि ३ मीटर खोल. दोन्हींच्या पातळीत ४९५ मिमी फरक, म्हणजे १६५ मिमीच्या तीन चढणी (एका पायरीवरून पुढच्या पातळीवर जाताना चढायची उंची). घराच्या भिंतीपाशी फळी जमिनीपासून ४०० मिमीवर आहे. खालच्या टोकाला तीच उंची दीड मीटरच्या थोडी वर जाते. सांगाडा दाबप्रक्रिया केलेल्या (कुजू नये म्हणून रक्षक द्रव दाबाने आत मुरवलेल्या) पाइनचा: वासे ३८ × १८४ मिमी, ४०० मिमी अंतरावर, तुळया तशाच दोन वाशांच्या जोडीच्या, खांब १४० मिमी चौरस. फळ्या २५ मिमी जाड, १४० मिमी रुंद. डेक घराच्या भिंतीला टेकवलेला नाही, स्वतःच्या खांबांवर उभा आहे.

वापराच्या दृष्टीने दोन टप्पे करण्याचा निर्णय बरोबर ठरला. इतक्या उतारावर एकच सपाट डेक केला असता तर खालचं टोक जवळजवळ दोन मीटर अधांतरी राहिलं असतं आणि तिथे बसणाऱ्याला मचाणावर बसल्यासारखं वाटलं असतं. मात्र कागदावरचा ३ मीटरचा टप्पा प्रत्यक्षात ३ मीटरचा राहत नाही. तीन चढणींसाठी दोन पायऱ्या लागतात. प्रत्येकी २८० मिमी धरली तरी जिन्यासमोर ५६० मिमी जातात आणि उरतात २.४४ मीटर. खुर्ची मागे सरकवून उठायला टेबलाच्या कडेपासून ९०० मिमी लागतात. त्यामुळे जिन्यासमोर टेबल मावत नाही, ते बाजूलाच ठेवावं लागतं. खालचा टप्पा जेवणाचा करायचा असेल तर ३.६ मीटर खोली धरा आणि वरचा कमी करा.

फळ्यांबद्दल फारशी तक्रार नाही. त्या ओल्या असताना जवळजवळ चिकटवून बसवल्या होत्या; वाळल्यावर ५ ते ६ मिमी फट आपोआप पडली. कोरड्या फळ्या असत्या तर ही फट आधीच ठेवावी लागली असती. टोकापासून २० मिमीवर, आधी छिद्र न पाडता मारलेल्या स्क्रूंपाशी तडे गेले. जिथे छिद्र पाडलं तिथे एकही नाही. एकूण ४६ ओळी, दर ओळीला १२ वासे आणि दर वाशावर २ स्क्रू, म्हणजे ११०४. पेटी १२०० ची घ्या, काही वाकतातच. हे स्क्रू स्टेनलेस किंवा जाड गरम जस्तलेपाचेच हवेत. तांबेयुक्त प्रक्रियेचं लाकूड साध्या चकचकीत लेपाचे स्क्रू खाऊन टाकतं. तो गंज डोक्यावर दिसायच्या आधी फळीच्या आत, दांड्यावर लागतो.

खरी परीक्षा दोन टप्प्यांच्या सांध्यावर झाली. वरच्या टप्प्याची बाहेरची तुळई भिंतीपासून ३.३ मीटरवर आणि खालच्या टप्प्याची आतली तुळई ४ मीटरवर. दोन्हींना स्वतंत्र खांब, स्वतंत्र पाये. नकाशात हे नीटनेटकं दिसतं. पण ४०० मिमी व्यासाचे दोन खड्डे ७०० मिमी अंतरावर खणले की मध्ये ३०० मिमीचीच माती उरते, आणि उतारावर ती ढासळते. वरचा खड्डा आधी भरला तर खालचा खणताना वरच्या पायाखालची माती सैल होते, म्हणून खणायची सुरुवात नेहमी खालून करायची. इथे क्रम उलटा झाला आणि पहिल्या पावसाळ्यात वरच्या टप्प्याची बाहेरची रांग ६ मिमी बसली.

सहा मिमी ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण जिन्याच्या तिरक्या फळ्या वर एका सांगाड्याला लटकलेल्या आणि खाली दुसऱ्यावर टेकलेल्या असतात. एक सांगाडा बसला की पायऱ्या मागे कलतात आणि त्यांच्यावर पाणी साचतं. पायऱ्यांचं गणित डोळ्यांना कळत नाही, पायांना कळतं: एका जिन्यातल्या चढणींत १० मिमीच्या आसपास फरक पडला तरी माणूस अडखळतो. हाच डेक पुन्हा बांधायचा झाला तर सांध्यावर एकच खांबांची रांग असावी, तिच्या माथ्यावर वरच्या टप्प्याची तुळई आणि त्याच खांबांना खाली खालच्या टप्प्याची. पाये १२ चे ९ होतात, आणि खांब बसलाच तर दोन्ही टप्पे एकत्र बसतात. मधल्या रांगेवर भार जवळजवळ दुप्पट येतो, त्यामुळे तिथला पाया त्या प्रमाणात मोठ्या व्यासाचा करावा. सध्याच्या १२ पायांना, प्रत्येकी ७५० मिमी खोल धरून, १.१३ घनमीटर काँक्रीट लागलं. गोठणाऱ्या हवामानात पाया हिवाळ्यात माती जिथवर गोठते त्याच्याही खाली न्यावा लागतो, तिथे हा हिशोब वाढेल. आणि पाया भरावावर कधीच नको. उतारावर सपाटीकरणाची माती नेमकी खालच्या कडेला टाकलेली असते, जिथे सर्वांत उंच खांब उभे राहायचे असतात.

जिन्याची आणखी एक नेहमीची चूक, जी इथे सुदैवाने वेळेत पकडली गेली. तिरक्या फळीवर १६५ मिमीच्या समान खाचा कापल्या आणि वर २५ मिमी जाड पायऱ्या बसवल्या की सर्वांत खालची चढण १९० होते आणि सर्वांत वरची १४० उरते. उपाय साधा: तिरक्या फळीच्या तळातून पायरीच्या जाडीइतके २५ मिमी कापून टाकायचे. दीड मीटर रुंद जिन्याला अशा ५ फळ्या ४०० मिमीच्या आत अंतरावर बसतात. ३ लावून भागवलं तर मधली पायरी दबते.

आता डुलण्याबद्दल. घराजवळचे खांब वीतभरही नाहीत, खालच्या टोकाचे एक मीटरहून उंच. खांब धातूच्या बैठकीवर, काँक्रीटच्या २५ मिमी वर उभा केला की बुंध्याशी कुजत नाही, पण ती बैठक जवळपास बिजागरीसारखी वागते. चारसहा माणसं एकदम चालली की वरची कड जागची हलत नाही, खालची मात्र आडवी सरकते आणि सगळा टप्पा पीळ खातो. बाहेरच्या रांगेत खांब आणि तुळई यांच्यामध्ये ४५ अंशांत, ६०० मिमी लांबीचे तिरके आधार बोल्टने लावल्यावर हे थांबलं. हे आधार पहिल्या दिवसापासून हवेत; नंतर लावताना अर्ध्या ठिकाणी पाना फिरवायला जागा नसते. तुळई मात्र सुरुवातीपासून खांबाच्या खाचेत बसवली आहे, म्हणजे भार लाकडावरून लाकडावर जातो आणि बोल्ट फक्त धरून ठेवतात. ते चांगलं टिकलं. लाकूड आकसल्यामुळे तिसऱ्या महिन्यात जवळजवळ प्रत्येक नट पाऊण फेरा आवळावा लागला, नवव्या महिन्यात थोडेच.

कठड्याची उंची ठरवताना उतार फसवतो. अनेक नियमावलींत ७६० मिमीपेक्षा उंच कडेला कठडा लागतो, पण जमीन मोजायची ती कडेच्या थेट खाली नाही, तर ९०० मिमी बाहेरपर्यंतची सर्वांत खोल जागा धरून. इथे कडेखाली १.५५ मीटर आणि ९०० मिमी पुढे आणखी २२५ मिमी खोल. उभ्या पट्ट्यांमधली फट १०० मिमीपेक्षा कमी हवी. खालच्या टोकाचे कठड्याचे खांब आठव्या महिन्यात हलू लागले. कारण नेहमीचंच: खांब फक्त कडेच्या वाशाला दोन बोल्टनी आवळलेले. माणूस टेकला की बोल्ट निघत नाहीत, कडेचा वासाच गोल वळतो. प्रत्येक खांबामागे दोन वाशांच्या मध्ये ठोकळा आणि वरच्या बोल्टला आतल्या वाशाशी बांधणारी लोखंडी पट्टी लावली, हलणं बंद झालं. वरच्या टप्प्याच्या कडेला जिना सोडून उरलेली २.७ मीटर मोकळी आहे. तिथला उतरता फरक ४९५ मिमी, म्हणून नियमाने कठडा लागत नाही. पण खुर्चीचा मागचा पाय नियम वाचत नाही. तिथे लांब कुंड्यांची रांग किंवा जागेवर पक्कं केलेलं बाक हवंच.

पाण्याने दोन ठिकाणी सतावलं. वरच्या टप्प्याच्या कडेवरून गळणारं पाणी खालच्या टप्प्याच्या पहिल्या तीन ओळींवर पडतं, आणि त्या ओळी शेवाळाने हिरव्या आणि निसरड्या झाल्या. तिथली फट २५ मिमी केल्यावर थेंब खाली जमिनीवर जातो. दुसरं, डेकखालून वाहणारं पाणी. चढावरून आलेला ओहोळ मधल्या पायांशी माती खरवडत होता. डेकच्या वरच्या बाजूला आडवा चर, त्यात कापडात गुंडाळलेली छिद्रांची नळी आणि खडी, नळीला १०० ला १ उतार, आणि तोंड डेकच्या बाजूला बाहेर काढलेलं. डेकखाली चाळणीच्या कापडावर ७५ मिमी खडी. हे बांधकामाआधी करायला एक दिवस लागतो, नंतर पोटावर सरपटत तीन.

कापलेल्या टोकांना लाकूडरक्षक ब्रशने न लावता जे दोन वासे बसवले गेले, त्यांच्याच टोकांना आता मऊपणा जाणवतो, बाकीचे ठणठणीत. वाशांच्या माथ्यावर लावलेली डांबरी चिकटपट्टी मात्र पैसे वसूल करते, स्क्रूच्या भोवती लाकूड कोरडं आहे. तेल सहाव्या महिन्यात दिलं, पाण्याचा थेंब फळीत मुरतो हे पाहून. जोरदार फवाऱ्याने धुतलेल्या चार फळ्यांचे तंतू उभे राहिलेत; तिथे अनवाणी चालू नये. पायऱ्यांच्या कडेला वेगळ्या रंगाची पट्टी अजून लावायची आहे, संध्याकाळी वरून पाहताना तिन्ही चढणी एकच सपाट पृष्ठभाग वाटतात.