वर्गणी जमली आहे: रोपं लावायची की वणवा अडवायचा?

यात्रेच्या बैठकीत वर्गणी निघाली, मुंबई-पुण्याची पोरं म्हणाली यंदा डोंगर हिरवा करू, आणि पुढच्या पाच मिनिटांत कोणीतरी रोपवाटिकेला फोन लावलासुद्धा. तुमच्याकडेही एवढ्यावर आलं असेल तर जरा दम धरा. पैसे एकदाच जमतात.

रोपांचं काम दिसायला सोपं. मे महिन्यात खड्डे, पाऊस लागला की लागवड. तीन बाय तीन मीटरवर लावली तर हेक्टरी साधारण १,१०० रोपं बसतात. रविवारी उरकतं, फोटो चांगले येतात. खर्च सुरू होतो तो त्यानंतर: दोन-तीन उन्हाळे पाणी, कुंपण, राखण. सह्याद्रीच्या गवताळ उतारावर तर कमरेएवढं गवत मार्चमध्ये वाळून उभं असतं आणि रोपं त्याच्या पोटात. वणव्याला एक दुपार पुरते. राज्यात २०१९ साली ३३ कोटी वृक्षलागवडीचं लक्ष्य होतं. आपल्या पंचक्रोशीत त्यातली किती लावली हे सांगणारे भेटतील, जगली किती हे विचारून बघा.

वणवा अडवण्याच्या कामात मिरवण्यासारखं काही नाही. दिवाळीनंतर गवत वाळायला लागलं की रस्त्याच्या, पायवाटेच्या आणि हद्दीच्या कडेने पट्टा साफ करायचा, म्हणजे जाळरेषा. पाचोळा पडत राहतो, तेव्हा ती पुन्हापुन्हा झाडावी लागते. वनखात्याच्या हिशेबात वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून, म्हणजे चार महिने कोणीतरी डोंगराकडे डोळा ठेवायचा. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेचा उपग्रहावरचा इशारा मोबाइलवर फुकट येतो, तो घ्याच. पण उपग्रह ठरल्या वेळीच डोक्यावरून जातो, गुराख्याला धूर आधी दिसतो. पगार त्याला द्या.

बदल्यात काय मिळतं, ते गुडघे टेकून बघावं लागतं. जळालेल्या उतारावर ऐनाचं किंवा पळसाचं बोटाएवढं काळं खुंट दिसलं तर बुंध्याशी माती उकरा आणि नखाने साल खरवडा. बऱ्याचदा आत हिरवं-ओलं असतं. मूळ कित्येक वर्षांचं असतं. दर पावसाळ्यात फुटवा काढतं आणि दर उन्हाळ्यात जळतं. त्याला पाणी नको, खड्डा नको. तीन-चार वर्षं आग लागू दिली नाही की तोच फुटवा गवताच्या वर डोकं काढतो. करवंदाच्या जाळीत तर इतर रोपंही गुरांपासून वाचतात.

अडचण एकच, आणि ती मोठी आहे: माणसं. आमच्याकडे आग लागत नाही, लावली जाते. जाळलं की पुढच्या साली गवत चांगलं येतं ही समजूत, मोहाखालची जागा साफ करायची घाई, विडीसाठी तेंदूला कोवळी पानं फुटावीत म्हणून लावलेली काडी. इथे फलक कामाचा नाही. चंद्रपूरच्या पाचगाव ग्रामसभेला २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, म्हणजे गावचं जंगल सांभाळायचा आणि त्यातला माल विकायचा हक्क. पानांसाठी फांद्या तोडाव्या लागतात, जंगल जळतं, म्हणून त्यांनी तेंदूचं उत्पन्नच सोडलं आणि बांबूवर भर दिला. ते जमलं, कारण बांबू विकायचा हक्क त्यांच्या हातात होता. तुमच्या गुराखी-धनगर घरांना वर्गणीतून काहीच मिळणार नसेल, तर जाळरेषा नुसती ओढून उपयोग नाही.

जमीन कोणाची, हेही आधी बघा. मालकीची किंवा गायरान असेल तर ग्रामसभेत ठराव. वनखात्याची असेल तर वनरक्षकाला घेऊनच; राखीव वनात स्वतःहून पट्टा जाळणं हासुद्धा गुन्हाच.

माझं मत विचाराल तर पहिली तीन वर्षं सगळा पैसा राखणीवर. रोपं फक्त तिथे, जिथे मुरूम उघडा पडलाय किंवा जुनी खाण आहे, मुळंच उरली नाहीत. हे घरी बसून कळत नाही. ऑगस्टमध्ये दोरी घेऊन वर जा, दहा बाय दहा मीटरचे चार-पाच चौकोन आखा आणि फुटवे मोजा. चौकोनात दहाच्या वर निघाले तर तिथे खड्डे खणू नका.