बिझनेस मॅनेजमेंट: सलग तीन वर्षं की प्लेसमेंटसह चार?

इंग्लंडमध्ये बिझनेस मॅनेजमेंटची साधी पदवी तीन वर्षांची. दुसरी वाट चार वर्षांची: दुसऱ्या वर्षानंतर एक वर्ष कंपनीत काम (हीच प्लेसमेंट), मग शेवटच्या वर्षासाठी परत विद्यापीठात. तिथे याला ‘सँडविच’ कोर्स म्हणतात. बाथ, लफबरो, ॲस्टन ही विद्यापीठं यासाठी ओळखली जातात.

तीन वर्षांत लवकर मोकळं होता येतं. लगेच मास्टर्स करायचं असेल, तर हेच बरं.

पण मला विचाराल तर चार वर्षांचा कोर्स घ्या. वर्गात कॅश फ्लोचा, म्हणजे पैशांच्या आवक-जावकीचा, तक्ता तासाभरात जुळतो. कंपनीत तोच तक्ता महिनाअखेरीला समोर येतो तेव्हा मोठ्या ग्राहकाचं बिल थकलेलं असतं, पुरवठादार फोनवर फोन करत असतो आणि आधी पैसे कुणाला द्यायचे हे संध्याकाळच्या आत ठरवायचं असतं. ही घालमेल पुस्तकातून कळत नाही.

खर्चाचं म्हणाल, तर प्लेसमेंटच्या पूर्ण वर्षासाठी स्थानिक विद्यार्थ्यांकडून कमाल फीच्या 20 टक्क्यांपर्यंतच रक्कम घेता येते. परदेशी विद्यार्थ्यांची फी विद्यापीठ ठरवतं, ती आधीच विचारून घ्या. कामाचा पगार बहुतेकदा मिळतो.

खरी मेहनत कंपनीत प्लेसमेंटची जागा मिळवण्याची. विद्यापीठ मदत करतं, पण अर्ज आणि मुलाखती तुमच्याच. दुसरं वर्ष सुरू होताच अर्ज करायला लागा. मोठ्या कंपन्यांच्या जागा लवकर भरतात. जागा नाहीच मिळाली, तर सहसा तीन वर्षांच्या कोर्सवर जाता येतं.