सागरी स्वयंसेवा संपली. उरलेली सुट्टी समुद्रावर की डोंगरात?

प्रवाळ मोजायच्या बॅचचा शेवटचा दिवस. ग्रुप फोटो काढून झाला, भाड्याचे सिलिंडर परत गेले, आणि परतीच्या तिकिटाला अजून पंधरा दिवस आहेत. समोर नाताळची सुट्टी. मी हा पेच दोनदा सोडवलाय. पहिल्यांदा शेजारच्याच बेटांवर राहिलो, दुसऱ्यांदा समुद्राला पाठ दाखवून डोंगरात गेलो. माझा कल डोंगराकडे आहे हे आधीच सांगून टाकतो. एक अपवाद आहे, तो शेवटी.

समुद्रावरच राहण्यातला सगळ्यात मोठा फायदा म्हणजे डोळा तयार झालेला असतो. रीफ चेक या प्रवाळांची पाहणी करणाऱ्या संस्थेच्या पद्धतीत १०० मीटरची टेप अंथरतात; २० मीटर मोजायचे, ५ सोडायचे, असे चार तुकडे. रोज हेच केल्यावर ग्रूपर मासा कोणता आणि स्नॅपर कोणता, हे शेपटी दिसली तरी कळू लागतं. ही नजर महिन्याभरात बोथट होते, म्हणून ती ताजी असताना हौसेचे डाइव्ह करून घ्यावेत, असं मला वाटलं होतं. झालं भलतंच. हातात पाटी नाही, पेन्सिल नाही, तरी मी पोपटमासे मोजत बसलो. सव्विसावा की सत्ताविसावा, या घोळात असताना डोक्यावरून मांटा हा भलामोठा चपटा मासा निघून गेला. बाकी सगळ्यांनी पाहिला. बोटीवर परतल्यावर त्याच्याच गप्पा, आणि मी आपला आकडा सांगतोय! त्यात सुट्टीची गर्दी. एखादा हौशी डायव्हर फिन्स प्रवाळावर टेकवून सेल्फी घेताना दिसला की आपला दिवस खराब होतो. त्याला काही सांगायला गेलं तर आपणच आगाऊ ठरतो.

शिवाय डिसेंबरात प्रत्येक समुद्र साथ देत नाही. कॅरिबियनमध्ये चक्रीवादळांचा हंगाम ३० नोव्हेंबरला संपलेला असतो, तिथे खुशाल राहा. दक्षिण पॅसिफिकमध्ये तो नोव्हेंबरातच सुरू होतो आणि एप्रिलपर्यंत चालतो. मलेशियाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या पेरहेंतियन बेटांवरची बहुतेक रिसॉर्ट तेव्हा ईशान्य मोसमी पावसामुळे बंद असतात. थायलंडमध्ये तर एकाच देशात दोन हवामानं: आखातातलं को ताओ नोव्हेंबर-डिसेंबरात पावसात भिजत असतं, आणि पश्चिमेला अंदमान समुद्रातली सिमिलन बेटं ऑक्टोबरच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत पर्यटकांसाठी खुली असतात. म्हणजे ‘समुद्रावर राहतो’ एवढं ठरवून भागत नाही, कोणता किनारा तेही पाहावं लागतं.

आता डोंगर. खरं सांगायचं तर हा निर्णय माझ्या कानाने घेतला. रोज दोन डाइव्ह करून कान सतत ओला, आतून ठणकतोय. पोटरीवर प्रवाळाचा ओरखडा होता. खाऱ्या पाण्यात रोज भिजल्यामुळे तो तीन आठवडे चिघळत राहिला आणि कोरड्या हवेत गेल्यावर आठवड्यात भरला. थंडीत पांघरूण घेऊन सलग नऊ तास झोपलो. पहाटेच्या बोटीची घाई नाही की वेटसूटचा कुबट वास नाही. ही चैन बेटावर मिळत नाही.

पण इथे एक गोष्ट जिवाशी खेळणारी आहे. डायव्हिंगनंतर लगेच विमानात बसू नये, हे प्रत्येकाला पाठ असतं. एकच साधा डाइव्ह असेल तर निदान १२ तास, अनेक डाइव्ह किंवा सलग काही दिवस केले असतील तर १८ तास, आणि डीकम्प्रेशन थांबे (वर येताना ठरावीक खोलीवर सक्तीने थांबणं) घ्यावे लागले असतील तर त्याहून बरेच जास्त, असं डायव्हर्स अलर्ट नेटवर्क ही डायव्हर्सच्या सुरक्षेसाठी काम करणारी संस्था सांगते. मी सरसकट २४ धरतो. घाटरस्ता मात्र लोक विसरतात. रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनला तुम्ही विमानाने वर जाताय की बसने, याच्याशी देणंघेणं नसतं. बाहेरचा दाब कमी झाला की त्याचे बुडबुडे होतात. हवाईत सकाळी डाइव्ह करून दुपारी ४,२०५ मीटर उंचीच्या मौना केआवर गाडीने पोचता येतं, आणि म्हणूनच तिथे डायव्हर्सना २४ तास थांबायला सांगतात. तेव्हा डोंगर निवडलात तर शेवटचा डाइव्ह आधी ठरवा, बसचं तिकीट नंतर.

व्हिसाचा हिशेब दोन्हीकडे सारखाच. तो स्वयंसेवेच्या कामासाठी मिळाला असेल, तर काम संपल्यावर देशात किती दिवस राहता येतं हे लेखी विचारून घ्या, कोऑर्डिनेटरच्या ‘चालतं हो’वर जाऊ नका. शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या देशांत, पर्यटक म्हणून १८० दिवसांत ९० दिवस मिळतात, आणि त्यातले बरेचसे स्वयंसेवेतच खर्च झालेले असू शकतात. आठवण म्हणून प्रवाळाचा तुकडा बॅगेत टाकायचा मोह दोन्हीकडे आवरा. दगडी प्रवाळ साइटीस या वन्यजीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहेत. विमानतळावर अडवल्यावर ‘मी तर यांच्याच संवर्धनासाठी आलो होतो’ हे वाक्य फारच केविलवाणं वाटेल.

सोबतीचं म्हणाल, तर अख्ख्या बॅचबरोबर फिरू नका. एक जण पुरे. सात जणांचं जेवण कुठे करायचं यावर संध्याकाळ जाते.

आणि तो अपवाद: कासवांचं काम. रात्रीच्या गस्तीत तुम्ही जी घरटी नोंदवली, त्यांतली अंडी फुटायला साधारण दोन महिने लागतात. वाळू गरम असेल तर थोडे कमी. म्हणजे तुमच्या पहिल्या आठवड्यातली पिल्लं नेमकी तुम्ही निघून गेल्यावर बाहेर पडणार. अशा वेळी डोंगर राहू द्या, किनारा धरून बसा. बऱ्याच ठिकाणी घरट्याशेजारच्या खुंटीवर तारीख लिहिलेली असते. ती उतरवून घ्या, साठ दिवस मिळवा, अलीकडे-पलीकडे आठवडाभर धरा, आणि मगच परतीच्या तिकिटाला हात घाला.