लिंच-बाज की बोकास्तेल? बाटली एकच घ्यायची असेल तर

पॅरिसला कामासाठी गेलेल्या आतेभावाचा फोन आला. "दोन बाटल्यांची जागा आहे. एक साहेबांना कबूल केलीय, दुसरी आपली. दुकानदाराने दोन काढून ठेवल्यात. कुठली उचलू, एका वाक्यात सांग."

भारतात परतताना माणशी दोन लिटरपर्यंतच मद्य शुल्काशिवाय आणता येतं. म्हणजे पाऊण लिटरच्या दोनच बाटल्या, आणि उरलेल्या अर्ध्या लिटरची नुसती हळहळ. दुकानदाराने काढलेल्या दोन बाटल्या होत्या शातो लिंच-बाज आणि शातो द बोकास्तेल. दोन्ही फ्रान्समधल्या लाल वाइन, दोन्ही ब्लेंड (म्हणजे अनेक जातींच्या द्राक्षांचं मिश्रण), दोन्ही पिढ्यानपिढ्या एकाच घराण्याच्या हातात. मी उलट विचारलं, "उघडणार कधी? आणि ताटात काय असणार?" तो वैतागला. पण या दोघींतून निवड करायची तर आधी हेच विचारावं लागतं. दर्जात कोण सरस, हा प्रश्न इथे फारसा उपयोगाचा नाही.

आधी नावांचं उरकू. 'शातो' म्हणजे गढी किंवा वाडा, इथे द्राक्षबागेसकट वाइन बनवणारी मिळकत. 'बाज' म्हणजे आपली झोपायची बाज नव्हे, ते नैऋत्य फ्रान्समधल्या बोर्दोजवळच्या पोयाक गावाला लागून असलेल्या वाडीचं नाव. लिंच हे आयर्लंडमधल्या गॉलवेहून बोर्दोला आलेलं कुटुंब. त्यांच्याकडे ही मिळकत 1749 ते 1824 होती. बोकास्तेलच्या लेबलवर शातोनफ-द्यु-पाप असं लिहिलेलं असतं, ते दक्षिण फ्रान्समधल्या तिच्या गावाचं नाव. त्यातल्या 'पाप'चा अर्थ पोप. चौदाव्या शतकात पोप रोम सोडून आव्हिन्योंला राहत होते, तेव्हा बावीसाव्या जॉनने इथे किल्ला बांधला, त्यावरून हे नाव पडलं. घरातल्या वडीलधाऱ्यांना लेबल वाचून दाखवताना एवढा खुलासा जरूर करावा.

पोयाक अटलांटिकच्या बाजूला, जिरोंद खाडीच्या काठावर आहे. जमीन म्हणजे नदीने आणून टाकलेल्या गोट्या-खड्यांचे उंचवटे. पाणी ठरत नाही, खडे लवकर तापतात, म्हणूनच काबेर्ने सोविन्यों हे उशिरा पिकणारं द्राक्ष इथे नीट पिकतं. लिंच-बाजमध्ये साधारण सत्तर टक्के किंवा त्याहून जास्त हेच द्राक्ष असतं. बाकीचं बरंचसं मेर्लो, आणि काबेर्ने फ्रां व पेति वेर्दो चवीपुरतं. बोर्दोतल्या मिश्रणाचं मूळ हवामानात आहे. मेर्लो आधी फुलतं आणि आधी पिकतं. काबेर्ने मागून येतं आणि सप्टेंबरच्या पावसात सापडू शकतं. एक पीक हुकलं तर दुसरं हाताशी असावं, हा शेतकऱ्याचा हिशोब. आपल्याकडे तुरीच्या ओळींत मूग घेतात तसाच. चवीचं तत्त्वज्ञान त्यावर नंतर चढलं.

1855 साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी बोर्दोच्या लाल वाइनची पाच वर्गांची यादी झाली, तीत लिंच-बाज पाचव्या वर्गात गेली. दुकानदार हे सांगताना आवाज जरा खाली आणतो. तसं करायचं कारण नाही. ती यादी त्या काळच्या बाजारभावावर बेतलेली होती आणि आजचा बाजार या बाटलीला पाचव्या वर्गाचा भाव मुळीच देत नाही. हे श्रेय काझ घराण्याचं. ज्याँ-शार्ल काझ यांनी 1930च्या दशकात आधी ही बाग खंडाने घेतली आणि 1939 मध्ये विकत घेतली. मग 1970च्या दशकापासून नातू ज्याँ-मिशेल यांनी ती जगभर पोहोचवली. ते 2023 मध्ये गेले. आता त्यांचा मुलगा बघतो, त्याचंही नाव ज्याँ-शार्लच. इंग्लंडात हिला पूर्वी 'गरिबाचं मुताँ' म्हणत, म्हणजे शेजारच्या मुताँ-रॉथशिल्ड या नावाजलेल्या, महागड्या वाइनची स्वस्तातली आवृत्ती. ते गरीब आता कुठे राहतात कोण जाणे. अलीकडच्या सालांची (साल म्हणजे द्राक्षं तोडल्याचं वर्ष) बाटली युरोपातच शंभर युरोंच्या पुढे जाते.

बोकास्तेल त्यापेक्षा बरीच कमी किमतीत मिळते, आणि माझ्या मते तिच्या पोटातली गोष्ट जास्त रंजक आहे.

शातोनफमध्ये तेरा जातींची द्राक्षं वापरायला परवानगी आहे (एकाच जातीचे रंग वेगळे मोजले तर अठरा). तिथले बहुतेक जण ग्रनाशवर भर देतात आणि सोबतीला दोन-तीन जाती घेतात. बोकास्तेलचे मालक पेरँ मात्र तेराच्या तेरा जाती लावतात, आणि लाल वाइनमध्ये थोडी पांढरी द्राक्षंही जातात. हे ऐकून सगळं एकत्र चिरडत असतील असं वाटतं. तसं नाही. थालीपिठाची भाजणी आठवा. बाजरी वेगळी भाजायची, हरभराडाळ वेगळी, उडीद वेगळे, धने अगदी शेवटी, कारण प्रत्येकाचा खमंग व्हायचा वेळ निराळा. एकत्र टाकलं तर धने करपतात आणि डाळ कच्ची राहते. इथेही प्रत्येक जात वेगळी तोडतात, तीही हाताने, आणि वेगळी आंबवतात. हवेने चटकन बिघडणारी ग्रनाशसारखी द्राक्षं फरशा लावलेल्या सिमेंटच्या टाक्यांत जातात, तर मुर्वेद्र आणि सिरा ओकच्या उघड्या पिंपांत. सगळं आंबून झाल्यावर मग घरातली माणसं बसून मिश्रण ठरवतात, आणि ते वर्षभर ओकच्या अजस्र जुन्या पिंपांत मुरतं. नवं लाकूड नाही, त्यामुळे व्हॅनिलाचा गोडसर वास जवळपास नाही. लिंच-बाज उलट लहान पिंपांत मुरते, त्यातली बरीचशी नवी असतात. पहिल्या घोटातला मोठा फरक इथूनच येतो.

बोकास्तेलची खरी खूण म्हणजे मुर्वेद्र. मिश्रणात ग्रनाशच्या बरोबरीने, साधारण तीस टक्के, मुर्वेद्र असतं. शातोनफच्या मानाने हे फारच झालं. डोकं उन्हात आणि पाय पाण्यात असले की मुर्वेद्र खूश, असं तिकडचे लोक म्हणतात. ते उशिरा पिकतं, पण वाइनला वय पेलायची ताकद देतं. बागेत 1950 पासून रसायनं नाहीत आणि 1974 पासून बायोडायनॅमिक शेती (सेंद्रिय शेतीच, पण चंद्राच्या कला वगैरे पाहून केलेली) आहे, म्हणजे 'सेंद्रिय' हा शब्द दुकानांच्या पाट्यांवर चढायच्या कितीतरी आधी. आणखी एक जुना प्रकार: तोडलेल्या द्राक्षांची सालं थोडा वेळ ऐंशी अंशांवर तापवून लगेच थंड करायची. त्याने वाइन लवकर जुनाट करणारी एन्झाइम मरतात आणि सालीचा रंग सुटतो. ही पद्धत ज्याक पेरँ यांनी बसवली. त्यांच्या नावाची खास बाटली 1989 पासून मोजक्याच वर्षी निघते. तिची किंमत आतेभावाला सांगितलीच नाही.

आता पेल्यात काय येतं? लिंच-बाज: जांभळाचा गर, देवदार, आणि नुकतंच टोक काढलेल्या पेन्सिलीचा वास. हा शेवटचा वास पोयाकची सहीच समजा. तरुण बाटली तुरट लागते, हिरड्या आवळून धरते. बोकास्तेल: सुकं अंजीर, मिरी, चामडं, उन्हात वाळत घातलेली घोंगडी. जुन्या सालांच्या बाटल्यांत कधी कधी थेट गोठा जाणवतो. तो ब्रेटानोमायसिस नावाच्या यीस्टचा प्रताप. त्याला मोहकपणा म्हणायचं की दोष, यावर वाइनवाले वर्षानुवर्षं भांडत आलेत. मला थोडा गोठा चालतो. घरात कुणाला चालत नसेल तर जुनी बोकास्तेल आणू नका. मद्यांश बोकास्तेलमध्ये जास्त, चौदा-साडेचौदा टक्के. लिंच-बाज तेराच्या आसपास.

कधी उघडायची, इथे खरी फारकत होते. लिंच-बाज दहा वर्षांच्या आत उघडली तर निम्मे पैसे वाया गेले समजा. चांगल्या सालाची तीस वर्षंही आरामात जाते. बोकास्तेल विचित्र. पहिली चार-पाच वर्षं ती मोकळी, फळाने भरलेली असते. मग रुसते, वास-चव काहीच देत नाही, आणि दहाव्या वर्षानंतर पुन्हा बोलायला लागते. मधल्या काळात ती उघडून 'एवढं काय त्यात' म्हणणारे बरेच भेटतात. दोघींमध्ये एकच साल निवडायचं असेल तर 2016 डोळे मिटून घ्यावं, दोन्ही प्रांतांत ते फार चांगलं गेलं. 2013ची बोर्दो कुणी स्वस्तात गळ्यात मारत असेल तर नको म्हणा.

पण पुण्या-मुंबईत 'दहा वर्षं ठेवा' म्हणणं सोपं, ठेवायची कुठे? मी एक साधी बोर्दो कपाटात, रजयांच्या मागे ठेवली होती. दोन उन्हाळे गेले. काढली तेव्हा बूच पाव इंच वर आलं होतं, मानेवर चिकट ओघळ, आणि आत शिजलेल्या मनुकांचं पाणी. चूक सर्वस्वी माझी. बाटलीला तेरा-चौदा अंश लागतात, आणि तेही बारा महिने. वाइनचा फ्रीज नसेल तर तरुण लिंच-बाज घेणं म्हणजे भाड्याच्या खोलीत हत्ती बांधणं. मग एक तर जुनं साल शोधायचं, आणि ते बजेटबाहेर जातं, नाहीतर बोकास्तेल.

जेवणाचं थोडक्यात. पोयाकची स्वतःची ख्याती कोवळ्या मेंढीच्या मटणाची आहे, त्यामुळे लिंच-बाजला साधं भाजलेलं मटण, मीठ, लसूण एवढंच लागतं. तांबड्या रश्श्यासमोर दोघीही हरतात. तिखटाने टॅनिन (द्राक्षाच्या सालीतला तुरटपणा) कडवट होतं आणि मद्यांश घशात पेटतो. तिखटाचा हात आखडता घेऊन, काळ्या मसाल्याचं सुकं मटण किंवा भाजलेल्या वांग्याचं भरीत केलं तर बोकास्तेल छान जमते. तिच्यात धूर आणि मसाला आधीपासूनच आहे. दोन्ही सोळा-अठरा अंशांना प्यायच्या. मे महिन्यात 'रूम टेंपरेचर' हा शब्द विसरा आणि बाटली अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा.

बाग बघायला जायचं असेल तर माझा कौल उलटा पडतो. लिंच-बाजला बाज वाडीच नीटनेटकी करून घेतलीय, चौकात कॅफे आहे, नवी वाइनरी वास्तुरचनाकार चिएन चुंग पेई यांनी बांधलीय, आणि बोर्दोहून पन्नासेक किलोमीटरच्या रस्त्यावर शातोंची रांगच आहे. बोकास्तेलच्या शेताला लागून ए-सात महामार्ग जातो. पायाखाली बटाट्याएवढे गुळगुळीत गोटे असतात, आणि मिस्त्राल वारा सुटला की टोपी हातात धरावी लागते. गावात मात्र मजा आहे. 1954 मध्ये नगराध्यक्षाने उडत्या तबकड्यांना गावाच्या हद्दीत उतरायला मनाई करणारा हुकूम काढला होता. त्याच महामार्गापलीकडे पेरँ घराण्याचीच कुदुले द बोकास्तेल पिकते. शातोनफच्या हद्दीबाहेर असल्यामुळे ती कोत द्यु रोन या रोन खोऱ्याच्या साध्या नावाने विकली जाते, आणि मोठ्या बहिणीच्या किमतीचा एक अंश घेऊन बरंचसं तेच बोलते. कुणासाठी भेट न्यायची नसेल, स्वतःलाच प्यायची असेल, तर मी आधी तीच घेतो.

आतेभावाने अखेर सांगितलं: डिसेंबरात मुलीचं लग्न आहे, सीमांतपूजनाच्या रात्री घरचे आठ जण बसणार, मटण आत्याच्या हातचं. म्हटलं, बोकास्तेल घे, चार वर्षांच्या आतली किंवा दहाच्या वरची. तासभर आधी जगमध्ये ओतून ठेव, आणि आत्याला मिरची कमी घालायला तूच सांग, माझी हिंमत नाही.

तासाभराने फोटो आला. काउंटरवर बोकास्तेलशेजारी लिंच-बाजही उभी होती. खाली लिहिलं होतं, "साहेबांना दुसरं काहीतरी देऊ. ही तुझ्या फ्रीजमध्ये राहील ना?"