टपावरचा रिकामा डोम आणि माझे 34,799 रुपये

गाडीच्या टपावर बसवायच्या टीव्हीच्या डिशमध्ये फसलो. आकडा आधी सांगतो, कारण नातेवाइकांना आजवर "पंधराएक हजार गेले" असंच सांगत आलोय. खरं सांगायची लाज वाटत होती. टोकन 2,000, डिलिव्हरीच्या दिवशी 25,500, फिटिंगचे 3,500 आणि "सॉफ्टवेअर ॲक्टिव्हेशन"चे 1,999. एकूण 32,999. टपाला पाडलेल्या भोकांतून पाणी गळायला लागलं, ते बंद करायला आणखी 1,800.

आम्ही जुनी ट्रॅव्हलर मिनीबस घेऊन तिचा कॅम्पर, म्हणजे राहण्या-झोपण्याची गाडी, करून घेतला, तो मुख्यतः बाबांसाठी. त्यांचं वय 81. त्यांना हॉटेलच्या पायऱ्या चढवत नाहीत आणि सह्याद्रीच्या सातच्या बातम्या चुकवत नाहीत. मोबाइलवर त्यांना दिसत नाही, आणि कोकणात आम्ही थांबतो तिथे रेंजही नसते. म्हणून टीव्ही हवाच होता. उगाच हौस म्हणून पैसे उधळले असं कोणी म्हणू नये.

पुण्याबाहेर हायवेला लागून असलेल्या एका दुकानात "चालत्या गाडीत फ्री डिश, रिचार्ज नाही, डिश फिरवायची कटकट नाही" असं ऐकून गेलो. (फ्री डिश म्हणजे दूरदर्शनची फुकट डिश सेवा.) पांढरा गोल डोम. बटण दाबलं की आतून घुर्र असा आवाज यायचा, मग दुकानवाले "सॅटेलाइट शोधतोय, थांबा" म्हणायचे आणि अर्ध्या मिनिटात चित्र. सुरेख चित्र, एकही चौकोन फुटत नव्हता.

आणि हे सगळं पत्र्याच्या शेडखाली. बाहेर जुलैचा पाऊस कोसळत होता.

बायको म्हणाली, "अहो, आपल्या घरची डिश जरा जोराचा पाऊस आला की जाते. इथे वर पत्रा असून चालतेय कशी?" दुकानदार हसून म्हणाला, "वहिनी, ही मिलिटरीची टेक्नॉलॉजी आहे." मी काय केलं? तिला म्हणालो, "तुला त्यातलं कळत नाही, जरा थांब." सत्तावीस वर्षं शॉप फ्लोअरवर मशीन सांभाळली मी. डिशला मोकळं आकाश लागतं, पत्र्यातून तो सिग्नल येत नाही, हे मला माहीत होतं. तरी गप्प बसलो. टीव्हीच्या मागे जाऊन पेन ड्राइव्ह लावून रेकॉर्डिंग चालवलंय का एवढं बघितलं असतं तरी पुरे होतं. बायकोला बोललेलं ते वाक्य अजून रात्री आठवतं.

गणपतीपुळ्याजवळ गाडी लावली. वर ढग नाही, झाड नाही. घुर्र आवाज झाला आणि "नो सिग्नल". दुकानदार फोनवर म्हणाला, "अपडेट होतंय, चोवीस तास द्या." तिसऱ्या दिवशी नंबर बंद. गावातल्या डिश बसवणाऱ्या पोराने चार स्क्रू काढून डोम उघडला. आत चपटा घरगुती अँटेना, खेळण्यातली मोटर, आणि वजन भरावं म्हणून सिलिकॉनने चिकटवलेला फरशीचा तुकडा. एलएनबी, म्हणजे डिशसमोर बसून उपग्रहाचा सिग्नल घेणारा भाग, नाहीच. एलएनबीला सेट-टॉप बॉक्सकडून 13 किंवा 18 व्होल्ट जातात, ते जाड केबलमधून. इथे जुन्या टीव्हीची बारीक वायर होती. आणि अशा चपट्या अँटेनावर पकडणार तरी काय? दूरदर्शनचे जुने ॲनालॉग ट्रान्समीटर बहुतेक 2022 पर्यंत बंदच झालेत. "अँटेना लावा, दोनशे चॅनेल फुकट" म्हणणाऱ्याला दारात उभं करू नका.

त्याच पोराने जुनी साठ सेंटिमीटरची डिश, बॉक्स आणि तिपाई 1,400 रुपयांत दिली. फ्री डिशचा उपग्रह 93.5 अंश पूर्वेला आहे, म्हणजे आपल्याकडून आग्नेयेला, क्षितिजापासून साठेक अंश वर. तिकडे माड नको, बस. गाडी थांबवायची, तिपाई ठेवायची, बॉक्सवरची सिग्नलची पट्टी बघत हळूहळू फिरवायची. चालत्या गाडीत उपग्रह पकडून ठेवणारी खरी डिश असते, पण ती लाखांच्या घरात जाते. सत्तावीस हजारात कोणी देत असेल तर तिथूनच मागे फिरा.

आता तक्रारीचं. पोलीस ठाण्यात म्हणाले, "माल मिळालाय ना? मग ही दिवाणी बाब." डोम उघडून फरशी दाखवली, तर "साहेब बंदोबस्ताला गेलेत, उद्या या." असे चार उद्या झाले. सायबर फसवणुकीच्या 1930 वर फोन केला, तर म्हणाले, दुकानात जाऊन स्वतः यूपीआय केलंत, हे सायबर नाही. बँकेचं उत्तर, पिन तुम्हीच टाकलात. ग्राहक हेल्पलाइन 1915 वर दुकानाचा जीएसटी नंबर मागितला. तो कुठून आणू? "पक्कं बिल व्हॉट्सॲपवर पाठवतो" म्हणून दुकानदाराने हातात कच्ची पावती ठेवली, तिच्यावर फक्त "अँटेना सेट 1 नग". फसवणुकीला भारतीय न्याय संहितेत 318 कलम आहे, ते मी छापून नेलं. हवालदाराने कागद हातातही घेतला नाही. शेवटी लेखी अर्ज देऊन शिक्का मारलेली पोच हट्टाने घेतली, त्याला दीड तास भांडलो. आपण चोर असल्यासारखं उभं करतात आणि तो माणूस मात्र बोर्ड बदलून बसला असेल.

जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही, मुदत दोन वर्षं. तिथे अर्ज टाकलाय. पक्क्या बिलाशिवाय एक रुपयाही देऊ नका, आणि डेमो उघड्यावर, तुमच्याच गाडीत, तुमच्याच टीव्हीवर मागा.

डोम, मोटर आणि फरशी पुरावा म्हणून गॅलरीत ठेवलीय. कोणाच्या टपावर असाच पांढरा डोम असेल, तर चार स्क्रू काढून आजच आत बघा आणि मला कळवा. दोघं-तिघं मिळून ठाण्यात गेलो तर कदाचित पोलीस तो कागद हातात घेतील.