घरपोच रक्तसंकलन सेवा: हात हलका, पण बर्फाची पेटी खटकली

वडिलांच्या नियमित तपासणीसाठी आमच्या भागातील एका प्रयोगशाळेची घरपोच सेवा घेतली. रक्त घेणाऱ्या मुलाचा हात हलका होता, नळ्यांवर नाव आणि वेळ त्याने आमच्यासमोरच लिहिली आणि साखरेसाठी राखाडी झाकणाची फ्लोराइडची नळी आठवणीने वापरली. साध्या नळीत रक्तपेशी साखर वापरतच राहतात आणि तिचे प्रमाण तासाला साधारण ५ ते ७ टक्क्यांनी घटते, हे पाहता ही दक्षता मोलाची आहे. खटकली ती पेटी. सीरम (रक्तपेशी काढून उरणारा द्रव) वेगळे न केलेल्या नळ्या थेट बर्फाच्या पिशव्यांना टेकलेल्या होत्या आणि त्याला अजून बरीच घरे करायची होती. थंडीत तांबड्या पेशींमधला सोडियम-पोटॅशियम पंप (पोटॅशियम पेशीच्या आत खेचून ठेवणारी यंत्रणा) मंदावतो, पोटॅशियम बाहेर झिरपते आणि रुग्णाला काहीही झालेले नसताना अहवालात ते वाढलेले दिसते. वडिलांचे ५.९ आले, घरात नाहक धावपळ झाली. केंद्रावर पुन्हा दिलेल्या आणि लगेच सेंट्रिफ्यूज केलेल्या (यंत्रात वेगाने फिरवून सीरम वेगळे काढलेल्या) नमुन्यात मात्र ते ४.४ निघाले. फेरतपासणीचे पैसे घेतले नाहीत, एवढे श्रेय द्यायला हवे. साखरेसाठी ही सेवा खुशाल घ्यावी. पोटॅशियम पाहायचे असल्यास सरळ केंद्र गाठावे.