ओला कचरा जिरवायचा कशात: बादली, हौद की यंत्र?

पुण्यातल्या 40-50 फ्लॅटच्या सोसायटीत हा विषय सभेत कधी ना कधी निघतोच. 2016च्या घनकचरा नियमांनी रोज 100 किलोहून जास्त कचरा करणाऱ्यांना त्यातला ओला कचरा शक्यतो जागेवरच जिरवायला सांगितलं. तुमचा तेवढा भरत नसेल, पण 2017मध्ये उरुळी देवाची-फुरसुंगीच्या गावकऱ्यांनी तिथल्या कचरा डेपोत जाणाऱ्या पुण्याच्या गाड्या अडवल्या तेव्हा गल्लोगल्ली काय वास सुटला होता, ते आठवा.

घरातली बादली सगळ्यांत स्वस्त. भोकं पाडायची, तळाशी नारळाच्या शेंड्या, वर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), विरजण म्हणून मूठभर जुनं खत. दीड-दोन महिन्यांत पावसाळी मातीचा वास येणारं खत हातात. ओल जास्त झाली की अळ्या पडतात. त्या खताचंच काम करत असतात, पण हे घरातल्यांना कोण पटवणार! आमच्याकडे 40 घरांनी हौसेनं सुरुवात केली, वर्षभरानंतर सात उरली.

यंत्रवाले 'चोवीस तासांत खत' म्हणतात, तिथे सावध व्हा. तापवून, दळून निघते ती बहुतेक वेळा नुसती वाळलेली भुकटी असते, ती अजून कुजलेलीच नसते. आम्ही ती जास्वंदीला घातली, पाणी दिलं, तिसऱ्या दिवशी कुंडीवर पांढरी बुरशी. कुजवल्याशिवाय झाडाला घालायची सोय नाही, म्हणजे शेवटी हौद लागतोच. वर विजेचं बिल आणि देखभालीचा करार वेगळा.

माझं मत हौदाला. विटा झरोके ठेवून रचायच्या, निदान दोन कप्पे करायचे: एक भरतोय तोवर दुसरा मुरतोय. ओल्या कचऱ्यावर रोज सुक्या पानांचा थर, आठवड्याला फावड्यानं वरखाली. नीट कुजत, आतून तापलेला ढीग हिवाळ्यात सकाळी उकरला की वाफा निघतात, आत हात ठेववत नाही. पावसाळ्यासाठी वर पत्रा घालाच, नाहीतर काळं पाणी पार्किंगमध्ये येतं.

पण फावडं मारणार कोण? हौद बंद पडतात ते इथेच. 'स्वच्छ' सहकारी संस्थेच्या कचरावेचक दारात येत असतील तर त्यांच्याशीच बोला. हौदाचं काम त्याही घेतात, मात्र त्याचे पैसे वेगळे द्यायचे. ओला कचरा आत जिरला म्हणून त्यांची फेरी बंद करू नका. सुक्यातला पुठ्ठा, बाटल्या विकून येणारा पैसा त्यांचा असतो. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढून द्या, म्हणजे उघडून बघायची वेळ त्यांच्यावर येत नाही.

आणि शहाळी हौदात टाकू नका. आमच्या हौदात दोन वर्षांपूर्वीचं एक परवा जसंच्या तसं निघालं.